'मेरकादा' या ज्यू मुलीच्या नावाचा अर्थ काय?

तुमच्या इस्तंबूलच्या मैत्रिणीच्या पणजीचं नाव मेरकादा होतं, नेटवर त्याचा अर्थ 'बाजार' असा मिळाला, आणि लेकीला असं नाव कोण ठेवेल, असं तुम्ही विचारलंय.

बाजार नव्हे. मेरकादा म्हणजे 'विकत घेतलेली'. मुलगा असेल तर मेरकादो. आजच्या स्पॅनिशमध्ये मेरकादो म्हणजे बाजार, म्हणून हा घोटाळा होतो. पण हे नाव लादिनो भाषेतलं आहे. 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू ऑटोमन साम्राज्यात, इस्तंबूल, इझमीर, सालोनिका इथे जाऊन राहिले आणि आपली जुनी स्पॅनिश त्यांनी घरात जपली. त्या भाषेत 'मेरकार' म्हणजे विकत घेणं. आपण रोज म्हणतो तो 'मार्केट' शब्दही त्याच लॅटिन मुळाचा.

आता लेक विकत का घ्यायची? मूल खूप आजारी पडलं, किंवा आधीची मुलं दगावली असली, की आईवडील ते नातलगाला किंवा शेजाऱ्याला थोड्याशा पैशांत 'विकायचे'. खोटं खोटंच, पण मनापासून. मग मुलाला हे नवं नाव मिळायचं. मृत्यूचा दूत अमक्याची मुलगी अमकी म्हणून शोधत आला, तर ती त्या घरची राहिलेलीच नसे. नाव बदललं की माणसावरचा वाईट निवाडा रद्द होऊ शकतो, हा विचार तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातही आहे. पूर्व युरोपातले यिद्दिश बोलणारे ज्यू याच भीतीपोटी तान्ह्या मुलीला 'आल्टे', म्हणजे म्हातारी, म्हणत.

मला हे वाचताना परकं वाटलंच नाही. माझ्या आजीच्या नणंदेचं नाव भिकू. तिच्या आधीची दोन मुलं गेली होती. ही झाल्यावर पणजीने तिला सुपात घालून शेजारणीच्या ओसरीवर ठेवलं आणि पदर पसरून भीक म्हणून परत मागून घेतलं. आपल्याकडचे धोंडू, दगडू, केरू हे सगळे याच काळजीतून आलेले. ज्यांना ही नावं गावंढळ वाटतात, त्यांनी त्या घरात आधी काय घडलं होतं ते एकदा विचारावं.

मात्र तुमच्या मैत्रिणीची पणजी स्वतः आजारी होती असं यावरून धरू नका. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या, ज्यूंमध्ये आजीआजोबा हयात असतानाही त्यांचं नाव नातवंडांना देतात, तेव्हा हे नाव तिच्याकडे आजीकडूनही आलेलं असू शकतं. तिचं हिब्रू नाव वेगळं असेल तर ते लग्नाच्या करारपत्रावर, म्हणजे केतुबावर, किंवा थडग्याच्या दगडावर सापडेल. आणि मैत्रिणीला एवढं जरूर विचारायला सांगा: घरातल्या कुणाला आठवतंय का, पणजीला विकत घेतलं होतं ते कुणी? आमच्या भिकूआत्याला त्या शेजारणीच्या घरून शेवटपर्यंत दिवाळीला साडी यायची.