लाजाळू मुलीने एफवायला पणजीत खोली घ्यावी की घरून ये-जा करावी?

तू लिहिलंयस की तू वाळपईची, पणजीत बीएस्सीला प्रवेश मिळालाय, अनोळखी माणसांपुढे तोंड उघडत नाही, पहिलं वर्ष कसं निभेल याची धास्ती आहे. आणि घरचे म्हणतात, "पणजीत खोली घेऊन राहा, चार मुलींत राहिलीस की आपोआप धीट होशील." हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. माझे काकाही नेमकं हेच म्हणाले होते, आणि ते साफ चूक आहे.

मी साखळीच्या बाजूची. काका पणजीत नोकरीला, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. भर पावसात तिघींच्या खोलीत नेऊन सोडलं. बाकीच्या दोघी एकाच शाळेतल्या, जुन्या मैत्रिणी. वाईट नव्हत्या. पण दिवसभर परक्या माणसांत वावरल्यावर लाजाळू माणसाला संध्याकाळी आपलं म्हणून एक दार लावून घेता आलं पाहिजे. ते तिथे नव्हतं.

कॉलेज सुरू होताच सीनियरनी 'इंट्रो'साठी एकेकाला वर्गापुढे उभं केलं. नाव, गाव आणि एक गाणं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबले. मागच्या बाकांवरून "उलय गो, उलय!" (बोल ग, बोल!) सुरू झालं ते थांबेचना. दारात एक सर उभे होते, तेही हसत होते. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'मुकी'. खोलीवर गेले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. पुढे पुढे त्या दोघी जेवून गेल्या की मी जेवायला बसायची.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आले आणि सांगितलं, कॉलेज सोडणार नाही, खोली सोडणार. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता काका म्हणाले, "आज पळून आलीस तर जन्मभर घाबरट राहशील." बाबा गप्प. आई एवढंच म्हणाली, "तिचा कदंब बसचा पास काढा." विषय मिटला.

सकाळची बस माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीला जायची. रोज तीच माणसं, जवळजवळ त्याच जागा. माशेलला माझ्याच वर्गातली एक मुलगी चढायची. आधी नुसती शेजारी बसायची. मग एकदा तिने केमिस्ट्रीचं जर्नल मागितलं, तिचं टायट्रेशनचं रीडिंग जुळत नव्हतं. तिथून सुरुवात. बसमध्ये एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलावं लागत नाही. मध्येच गप्प झालं तरी कोणाला खटकत नाही, आणि राहिलेलं उद्या बोलता येतं. खोलीत हे होत नाही, तिथे गप्प बसलेल्या माणसाला "काय झालं?" विचारतात, आणि काही झालेलं नसतं.

आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या, तोंडीची तयारी आम्ही त्याच बसमध्ये केली. ती प्रश्न विचारायची, मी इंग्रजीतून उत्तर द्यायची. हे महत्त्वाचं आहे. आपण चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं. आपल्याकडे ज्याला लाजाळूपणा म्हणतात त्यातला अर्धा इंग्रजीचा धाक असतो. उत्तर येत असतं, पण वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कोणी बोलून मोकळा होतो. अशा मुलीला स्टेजवर ढकलून काही होत नाही. तीच वाक्यं आधी मोठ्याने म्हणून बघायला एक माणूस लागतं. एकच.

लेक्चर संपल्यापासून बस सुटेपर्यंतचा वेळ खायला उठतो, त्यासाठी पणजीतच पाटोला असलेलं कृष्णदास शामा ग्रंथालय. स्टँडपासून चालत जाता येतं. १८३२ पासूनची संस्था आहे, इमारत मात्र नवी. तिथे न बोलणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. एनएसएसमध्येही (राष्ट्रीय सेवा योजना) नाव घाल. वर्षाला १२० तास द्यावे लागतात, पण हाताला काम असलं की बोलण्याचा भार वाटत नाही.

काका अजून दर चवथीला म्हणतात, "तेव्हा तिथे टिकली असतीस तर आज कुठच्या कुठे असतीस." मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते, माझ्या रिपोर्टवर लोक विश्वास ठेवतात, आणि मोठ्या घोळक्यात मी आजही कमीच बोलते. यात मोडलेलं काय आहे, जे दुरुस्त करायचं होतं? वर्गात दिवसभर बडबडणाऱ्या कितीजणांची जर्नलं मी पुरी करून दिली, ते काकांना कधी दिसलं नाही. तुझ्या घरात असं कोणी असेल तर त्यांना हे वाचायला दे.

आता, सगळ्यांनाच हे लागू नाही. गोव्याच्या पार दक्षिण टोकाच्या काणकोणहून कोणी रोज पणजीला ये-जा करू नये, सगळा जीव प्रवासातच जाईल. बस लागत असेल किंवा घरी अभ्यासाला जागाच नसेल तर खोली बरी, पण मग एकटीची, नाहीतर ओळखीच्या मुलीबरोबर. आणि 'इंट्रो'च्या नावाखाली तुला जबरदस्तीने गायला, नाचायला लावलं तर गंमत समजून सोसू नकोस. यूजीसीच्या २००९च्या नियमांत कोणाला असं लाजवणंही रॅगिंगमध्येच येतं. प्रवेश घेताना प्रतिज्ञापत्र भरून घेतात ते त्यासाठीच. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेव. मला तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी प्रॅक्टिकलचं टाइमटेबल हातात येऊ दे. वाळपई साखळीहूनही पुढे, त्यामुळे प्रॅक्टिकल उशिरा सुटत असेल तर संध्याकाळी कुठली बस मिळते ते स्टँडवर जाऊन विचार. एकटीने विचारायला जड वाटलं तर आईला बरोबर ने.