आधी कूलर बघा, मग गोळी

भाऊ, नागपुरातला पहिलाच उन्हाळा ना तुमचा, अन् नाकाच्या अ‍ॅलर्जीनं हैराण? मग सुरुवात कूलरपासून करा. मागच्या वर्षीचं गवत तसंच असेल तर त्यातली बुरशी अन् धूळ रात्रभर नाकात जाते, आणि सकाळी मिहानच्या (इथला आयटी-उद्योगांचा भाग) बसमध्येच शिंका सुरू. गवत बदला, टाकी दर आठवड्याला घासा. अर्धं काम इथंच होतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मेडिकलमधून मिळेल ती गोळी सकाळी घेणं. सेट्रिझिननं पुष्कळांना झोप येते. मीटिंगमध्ये डुलक्या, अन् बोल अ‍ॅलर्जीला. फेक्सोफेनाडिननं गुंगी कमी येते, डॉक्टरांना विचारा. फक्त संत्र्याच्या रसासोबत घेऊ नका, असर कमी होतो. (नागपुरात हे सांगावंच लागतं!)
- नाक मोकळं करणारे थेंब चालूच ठेवणं. 3-4 दिवसांपुढे गेलात की नाक उलट जास्त चोंदतं. मी स्वतः दोन महिने अडकलो होतो.
- स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे दोन दिवसांत सोडणं. पूर्ण गुण यायला 1-2 आठवडे लागू शकतात.

छातीत घरघर किंवा धाप असेल तर थेट डॉक्टर. इम्युनोथेरपीचं (ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावायचा उपचार) आत्ता डोक्यात घेऊ नका. पावसाळ्यानंतर गाजरगवत फुललं अन् त्याच्या परागांचा त्रास झाला की बोलू.