पिऱ्हसचा विजय आणि लुकानियाचा बैल

प्रश्न असा आला आहे: "पिरिक विजय म्हणजे अगदी थोडक्यात हाती लागलेला विजय ना? आणि लिहायचं कसं, पिरिक, पायरिक की पिऱ्हिक?"

नाही. थोडक्यात मिळालेला तो पिऱ्हिक विजय नव्हे. शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला की, दोन-चारशे मतांनी उमेदवार निवडून आला की हा शब्द हमखास कानावर पडतो आणि दर वेळी संताप येतो. एका धावेने जिंकलेल्या संघाचं असं काय गेलं? त्यासाठी मराठीत 'निसटता विजय' हा नेमका शब्द आहे, तो वापरावा. पिऱ्हिक विजयात किती फरकाने जिंकलं हे बघायचं नसतं. जिंकणाऱ्याच्या हातात काय उरलं, ते बघायचं.

इटलीच्या दक्षिणेकडच्या टॅरेंटम या ग्रीक शहराने रोमविरुद्ध मदतीला ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरस राज्याच्या राजाला, पिऱ्हसला, बोलावलं. 20 हजार पायदळ, 3 हजार घोडेस्वार आणि 20 हत्ती घेऊन तो समुद्र ओलांडून आला. इ.स.पू. 280 मध्ये हेराक्लियाला आणि पुढच्या वर्षी ऑस्क्युलमला त्याने रोमनांना हरवलं. ऑस्क्युलमला रोमनांचे 6000 पडले आणि पिऱ्हसचे 3505. दुसरा आकडा खुद्द राजाच्या टिपणांतला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क नोंदवतो. आता यात निसटतं काय आहे? पण पिऱ्हसचे जे पडले ते घरून आणलेले कसलेले लोक होते, बरेचसे सेनानी आणि मित्रही त्यात गेले, आणि त्यांच्या जागी उभं करायला परमुलखात कोणी नव्हतं. रोमनांची छावणी मात्र नव्या भरतीने पुन्हा भरत होती. अभिनंदन करायला आलेल्याला पिऱ्हस म्हणाला, "अशी आणखी एक लढाई जिंकलो की आपण पुरते बुडालो." शब्दाचा अर्थ या एका वाक्यात आहे.

गंमत अशी की प्राचीन ग्रीक लोक याला पिऱ्हसचं नाव देतच नव्हते. त्यांचा शब्द 'कॅडमसचा विजय'. थीब्ज शहराचा संस्थापक कॅडमस, त्याच्या कुळाच्या कथांवरून तो आला. पिऱ्हसच्या अडीचशे वर्षं आधी अलालियाच्या समुद्रात फोकियाच्या ग्रीकांनी इटलीतल्या एट्रुस्कनांच्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या आरमाराला पळवलं, पण त्यांच्या 60 जहाजांपैकी 40 बुडाली आणि उरलेल्या 20 जहाजांची पुढची टक्कर मारायची टोकं वाकून गेली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्याला कॅडमसचा विजय म्हणतो. नंतरचा ग्रीक इतिहासकार डायोडोरस तर पिऱ्हसच्याच विजयांना कॅडमसचे विजय म्हणून मोकळा होतो. पिऱ्हसचं नाव नंतर चिकटलं.

'गड आला पण सिंह गेला' हा याचा मराठी प्रतिशब्द आहे, असं पुष्कळ जाणती माणसंही सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. 1670 च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले, ती हानी भरून न येणारी होती, पण गड हाताशी राहिला, त्याच वर्षी पुरंदरही परत आला आणि स्वराज्याचा जोर वाढत गेला. त्या वाक्यात विजयाच्या क्षणी माणूस गमावल्याचं दुःख आहे. पिऱ्हसच्या वाक्यात जिंकून जिंकून संपत चालल्याची कबुली आहे. हे दोन भाव एकाच पेटीत कोंबणाऱ्यांनी दोन्ही वाक्यं नीट ऐकलेली नाहीत.

लिहिण्याचं उत्तर सोपं आहे: पिऱ्हिक. मूळ ग्रीक नावात दोन 'र' येतात आणि दुसऱ्यावर श्वासाचा 'ह' असतो, म्हणूनच रोमन लिपीत तिथे एच दिसतो. इंग्रजांना हा उच्चार जमत नाही, आपल्याला जमतो. वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हा म्हणणाऱ्या भाषेने 'पिरिक' लिहून हातचं अक्षर सोडून देण्याचं कारण नाही. 'पायरिक' तर कुठूनच येत नाही. पिऱ्होस म्हणजे आगीच्या रंगाचा, तांबडा. अकिलीजच्या मुलाचंही हे नाव होतं आणि एपिरसचे राजे स्वतःला त्याचे वंशज म्हणवत.

पण या मोहिमेने भाषेला दिलेला खरा मोलाचा शब्द दुसराच आहे आणि त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. लॅटिनमध्ये हत्तीला एक जुनं नाव आहे: बोस लुका, म्हणजे लुकानियाचा बैल. रोमन शिपायाने तोवर हत्ती पाहिलाच नव्हता. त्याच्या माहितीतलं सगळ्यांत थोराड चार पायांचं जनावर म्हणजे बैल, आणि हे नवं जनावर समोर आलं ते हेराक्लियाच्या रणात, लुकानिया प्रांतात. झालं नाव तयार. आपली विलायती चिंच मूळची मेक्सिकोकडची, ना विलायतेची ना चिंच, तसंच हे.

व्हॅरो या लॅटिनच्या मोठ्या व्याकरणकाराला हे पटत नाही. लुका हा शब्द 'लिबिया'वरून, म्हणजे आफ्रिकेवरून, आला असं एक मत तो देतो आणि योग्य कारणाने खोडतो: तसं असतं तर त्या खंडातल्या सिंहांना आणि चित्त्यांनाही लुका म्हटलं असतं. इथपर्यंत तो बरोबर. मग लुकानियाचं मतही बाजूला सारून स्वतःचं पुढे करतो: लुका हा 'लुक्स'वरून, म्हणजे उजेडावरून, कारण हत्तींवरच्या अंबाऱ्यांना राजाच्या सोन्याने मढवलेल्या ढाली लावलेल्या असत आणि त्या दुरून चमकत. हे घरात बसून रचलेलं आहे. हेराक्लियाला रोमन घोडे हत्तीच्या जवळ जायच्या आधीच बुजून उलटे फिरले आणि पिऱ्हसच्या थेसलीच्या घोडदळाने त्या गोंधळात हल्ला चढवला. तिथून जीव वाचवून आलेला माणूस ढालींच्या चकाकीवरून नाव ठेवत नाही. तो सांगतो की लुकानियात बैल होता, एवढा मोठा होता, आणि शिंगं पुढे होती. सुळ्यांना शिंगं समजण्याची चूक तर व्हॅरोनेही केली आहे! रोमन लेखक प्लिनी सरळ सांगतो: इटलीने हत्ती पहिल्यांदा पिऱ्हसच्या युद्धात पाहिले आणि लुकानियात पाहिले म्हणून त्यांना लुकानियाचे बैल म्हटलं. मी प्लिनीच्या बाजूने आहे. नावं रणातले शिपाई ठेवतात, व्याकरणकार मागाहून त्यांना कारणं शोधतात.

पुढे ओळख वाढली तसा बैल मागे पडला आणि लॅटिनला हत्तीचा हात दिसला. सोंडेला तिथे 'मानुस' म्हणजे हातच म्हणतात, आणि रोमन कवी लुक्रेशियस हत्तीला 'अंग्विमानुस' म्हणतो, सापासारखा हात असलेला. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. कारण संस्कृतात सोंड म्हणजे हस्त किंवा कर, आणि हात असलेला तो हस्ती, करी. आपला 'हत्ती' तिथूनच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता त्याच जनावराचा तोच अवयव बघून तोच शब्द उचलला. ऑस्क्युलमला चौथ्या लीजनच्या, म्हणजे रोमन पलटणीच्या, एका शिपायाने तोच हात कापला आणि ही जनावरंही मरतात हे सगळ्यांना दाखवून दिलं, असं रोमन इतिहासकार फ्लोरस लिहितो.

आता माझा लाडका तर्क. चंद्रगुप्त मौर्याने अलेक्झांडरचा सेनापती आणि पुढे राजा झालेल्या सेल्युकसला तहात 500 हत्ती दिले. इ.स.पू. 301 च्या इप्ससच्या लढाईत त्याच हत्तींनी निकाल लावला, आणि हरलेल्या बाजूने लढत होता जेमतेम अठरा वर्षांचा पिऱ्हस. हत्तीची किंमत तो तिथेच शिकला असणार. पुढे सेल्युकसचा खून करून त्याचं सैन्य बळकावणाऱ्या टॉलेमी केरॉनसने पिऱ्हसला इटलीसाठी हत्ती दिले, असं रोमन इतिहासकार जस्टिन सांगतो. हत्ती दीर्घायुषी, मधली वर्षं वीस-पंचवीस. तेव्हा रोमनांनी ज्याला लुकानियाचा बैल म्हटलं, तो मगधाच्या राजाने पाठवलेला हत्ती असावा, असं मी मानतो.

आणि हत्तीबरोबर माणूसही आलाच. ग्रीकमध्ये माहुताला 'इंदोस' म्हणतात, म्हणजे भारतीय. इ.स.पू. 272 मध्ये आर्गोसच्या गल्ल्यांत पिऱ्हस मारला गेला. एका बाईने छपरावरून फेकलेलं कौल मानेवर बसलं आणि तो घोड्यावरून कोसळला. त्याच गर्दीत निकॉन नावाचा हत्ती आपला खाली पडलेला माहूत शोधत फिरला, सापडल्यावर त्याला सोंडेने उचलून दोन्ही सुळ्यांवर आडवा घातला आणि वाटेत येईल त्याला तुडवत परत फिरला. निकॉन हे नाव 'निके'वरून आलेलं, म्हणजे विजयावरून.

मात्र 'इंदोस' शब्द दिसला की तो माणूस गंगेकाठचाच असं ठोकून देणाऱ्यांशी माझं जमत नाही. पॅनॉर्मसच्या लढाईत रोमन सेनापती मेटेलसने कार्थेजचे दहा हत्ती "त्यांच्या भारतीयांसह" पकडले असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. कार्थेजचे हत्ती आफ्रिकेतले. ते हाकणारे सगळे भारतातून नेलेले होते असं मानायला काही आधार नाही. पॉलिबियसच्या काळापर्यंत 'इंदोस' हे धंद्याचं नाव झालं होतं, जसा आपल्याकडे संस्कृतातला 'महामात्र' हा मोठा अधिकारी झिजत झिजत 'माहूत' झाला.