आवडींमधलं अंतर मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिमित्रास,

दोन माणसांच्या आवडी एकमेकींपासून किती दूर आहेत हे कसं मोजावं, यावरचं तुझं टिपण वाचलं. विषय मनापासून आवडला. पण पहिल्याच पानावर दोन माणसांच्या उपयोगितेचे, म्हणजे कोणता पर्याय किती आवडतो ते दाखवणारे, आकडे एकमेकांतून वजा केले आहेस, ते आधी काढून टाक. ते आकडे फक्त क्रम सांगतात. १, २, ३ च्या जागी १, १०, ५०० लिहिले तरी माणूस तेच निवडणार; वजाबाकी मात्र पार बदलते. एकाच्या समाधानाची दुसऱ्याच्या समाधानाशी तुलना करायला शास्त्रीय आधार नाही, हे अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्येच बजावलं होतं.

तेव्हा क्रमच धर. पर्यायांच्या किती जोड्यांबाबत, म्हणजे दोहोंतला कोणता वर यावर, दोघांचं पटत नाही, ते मोज. संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केंडॉल यांनी १९३८ मध्ये मांडलेलं माप याच मोजणीवर उभं आहे, गणितज्ञ जॉन केमेनी यांचं १९५९ मधलं अंतरही. सुरुवात इथूनच कर, पण इथे थांबू नकोस.

का, ते कागदावर करून बघ. अ, ब, क, ड हे चार पर्याय, जास्त आवडता आधी. पहिल्याचा क्रम अबकड, दुसऱ्याचा बअकड, तिसऱ्याचा अबडक. पहिल्यापासून दोघंही एकेका जोडीच्याच अंतरावर. आता या चार पर्यायांतून दोन किंवा अधिक पर्यायांचे सगळे संच लिही. ते ११ भरतात. प्रत्येक संचातून कोण काय उचलेल ते बघ. पहिला आणि दुसरा चार संचांत वेगळं निवडतात. पहिला आणि तिसरा फक्त एकाच संचात, जिथे क आणि ड दोघंच समोर आहेत. निवडीचा अभ्यास करायचा असेल, तर वरच्या जागांवरचा मतभेद जास्त मोलाचा धरावाच लागतो. माझा कल स्पष्टपणे या बाजूला आहे. पूर्ण क्रमच निकाल ठरवत असेल, तिथे मात्र साधी मोजणी पुरते.

गटाच्या बाबतीत माणसामाणसांतल्या अंतरांच्या नुसत्या सरासरीवर विसंबू नकोस. एका मोठ्या गटात निम्मे अबकड, निम्मे डकबअ. दुसऱ्यात चार पर्यायांचे शक्य असलेले चोवीसही क्रम सारख्या प्रमाणात. सरासरी अंतर दोन्हीकडे जवळपास तीनच. पण पहिल्या गटात कुठलीही दोन माणसं घे, अंतर शून्य तरी किंवा सहा तरी. दुसऱ्यात बहुतेक जोड्या मधल्या अंतरांवर. उभी फूट पडलेला समाज आणि नाना मतांचा समाज, दोन्ही एकाच आकड्यात मिसळून गेले. पुढच्या मसुद्यात सरासरीशेजारी अंतरांचं वितरणही दे, आणि हे माप कोणत्या निर्णयासाठी वापरायचं आहे ते पहिल्याच परिच्छेदात लिही.