दुर्बीण नवी की धुतलेली?

‘सिस्टरना विचारा’ : एंडोस्कोपी विभागात 27 वर्षं काढून निवृत्त झालेल्या परिचारिकेची वाचकांना उत्तरं

प्रश्न : सिस्टर, माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली आहे. ईआरसीपी करून, म्हणजे घशातून आत दुर्बीण घालून, खडा काढू, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या आठवड्याची तारीखही दिली. माझे धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. ते रोज रात्री फोन करून सांगतात, ‘इकडे या दुर्बिणींमुळे माणसं दगावली आहेत. वापरून फेकून द्यायचीच दुर्बीण मागा, नाहीतर आईला हात लावू देऊ नका.’ इथले डॉक्टर म्हणतात, आमच्याकडे धुऊन वापरायचीच आहे. मी कोणाचं ऐकू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमचे दीर खोटं सांगत नाहीत. अर्धं सांगताहेत.

ईआरसीपीची दुर्बीण साध्या गॅस्ट्रोस्कोपीच्या, म्हणजे जठर तपासायच्या, दुर्बिणीसारखी नसते. ती समोर न बघता बाजूला बघते, आणि तिच्या टोकाशी करंगळीच्या नखाहून लहान अशी एक झडप असते. पित्तनळीत तार सरकवताना डॉक्टर ती झडप उचलतात, म्हणजे तारेला हवं तसं वळण मिळतं. तिला आम्ही एलिव्हेटर म्हणायचो. त्या झडपेच्या मागच्या खाचेत ब्रश नीट पोचत नाही. सगळं रामायण त्या खाचेतलं आहे.

सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात 2012 ते 2014 या काळात अशा दुर्बिणींतून 32 जणांना औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची लागण झाली. त्यांतले 11 जण गेले. ते आधीच गंभीर आजारी होते, त्यामुळे किती मृत्यू या जंतूंच्या खात्यावर टाकायचे, हे काही ठरवता आलं नाही. मग 2015च्या सुरुवातीला लॉस एंजलिसला यूसीएलएच्या रुग्णालयाने 179 रुग्णांना कळवलं की तुम्हालाही धोका असू शकतो, तपासून घ्या. तिथे 7 जणांना लागण झाली होती, दोघे दगावले होते. मला यातलं लागलं ते वेगळंच. दोन्ही ठिकाणी दुर्बिणी कंपनीच्या सूचनेप्रमाणेच धुतल्या होत्या. आयुष्यभर पोरींना ‘नीट धुवा गं’ म्हणत आले, आणि इथे नीट धुऊनही जंतू राहिले होते. ते वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यातून पुढे काय झालं, ते दिरांनी सांगितलं नसावं. ऑगस्ट 2019मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने रुग्णालयांना सांगितलं की ज्यांच्या टोकाचा भाग काढून टाकता येतो अशा किंवा पूर्णच फेकून द्यायच्या दुर्बिणींकडे वळा. त्याच वर्षी डिसेंबरात पूर्ण फेकून द्यायच्या पहिल्या ईआरसीपी दुर्बिणीला मंजुरी मिळाली. म्हणजे मधलाही एक रस्ता आहे. दुर्बीण तीच, फक्त टोकाची टोपी दर रुग्णाला नवी. टोपी निघाली की झडपेची खाच उघडी पडते आणि ब्रश फिरवता येतो. तुम्ही डॉक्टरांना पहिल्यांदा हेच विचारा : ‘तुमच्या दुर्बिणीची टोपी निघते का?’

दुसरं, दुर्बिणी किती आहेत आणि दिवसाला केसेस किती, हे विचारा. यात आमच्या दुर्बिणी धुण्याच्या खोलीचं सगळं गुपित आहे. रुग्णाजवळच पुसून पाणी ओढायचं, मग दुर्बीण कुठे गळत नाही ना हे बघायची लीक टेस्ट, मग साबणाच्या पाण्यात आतल्या पोकळ नळीतून ब्रश, मग सायडेक्स या जंतुनाशकाच्या 2 टक्के द्रावणात 20 मिनिटं, मग स्वच्छ पाणी, स्पिरिट आणि हवा. या पद्धतीने पाऊण तासाच्या आत हे नीट होत नाही. दोन दुर्बिणी आणि सकाळपासून दुपारपर्यंत बारा केसेस असतील, तर गणित तुम्हीच मांडा.

आणि वाळवणं. सायडेक्सबद्दल सगळे बोलतात. डोळ्यांतून पाणी काढणारा त्याचा वास येतो, त्यामुळे काहीतरी जालीम चाललंय असं वाटतं. पण ओल राहिली तर रात्रभरात जंतू पुन्हा वाढतात. एका सोमवारी सकाळी कपाटातून दुर्बीण काढली तर टोकातून टपकन थेंब पडला, थेट माझ्या चपलेवर. शनिवारी धुऊन टांगली होती. मी सगळ्या दुर्बिणी परत धुवायला घातल्या, यादी दीड तास पुढे गेली. डॉक्टर चार दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. बोलू देत.

आता दिरांना हेही सांगा : ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण शंभरात साधारण तीन ते दहा आहे. दुर्बीण नवी असो की जुनी, हा धोका राहतोच, आणि तो डॉक्टरांच्या हातावर बराच अवलंबून असतो. महिन्याला किती ईआरसीपी करता, हे विचारायला लाजू नका. आणि कावीळ असताना सासूबाईंना थंडी वाजून ताप आला, तर मग तारीख नको, टोपी नको, न्यू जर्सी नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडलेल्या पित्तात पू झाला तर माणूस दुर्बिणीची वाट बघत बसत नाही.

प्रश्न : मग साध्या गॅस्ट्रोस्कोपीलाही नवीच दुर्बीण मागावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. तिला ती झडप नसते, ब्रश आरपार जातो. पैसे वाचवा. फक्त आधीचा रुग्ण बाहेर आला आणि दहा मिनिटांत तुमचं नाव पुकारलं, तर आत जाण्याआधी विचारा की ही दुसरी दुर्बीण आहे ना.

प्रश्न : माझे वडील आयसीयूत व्हेंटिलेटरवर होते. फुप्फुसात दुर्बीण घालून कफ काढला. बिलात ‘डिस्पोजेबल ब्राँकोस्कोप’ लावला होता. मी म्हटलं, पैसे आम्ही भरले, दुर्बीण आम्हाला द्या. दिली नाही. ती धुऊन दुसऱ्याला वापरली असेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, दुर्बीण घरी न देणं बरोबरच होतं. 2016च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असल्या प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत जातात. घरी नेऊन तुम्ही तरी काय केलं असतं?

ती लावली यात चूकही नाही. आयसीयूमध्ये अशी दुर्बीण खरोखर कामाची असते. रात्री दोन वाजता कफ अडकतो, दुर्बीण वापरून होते, आणि धुणारं माणूस घरी झोपलेलं असतं. सकाळपर्यंत कफ आणि रक्त आत वाळून चिकटतं, मग कितीही ब्रश मारा. ते तासाभरात धुवावं लागतं. मी स्वतः अशा कामासाठी रात्री लूनावर गेले आहे, स्वेटर घालून, घरचे शिव्या देत असताना. अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने 2021मध्ये सांगितलं की जंतू पसरण्याचा धोका जास्त असेल किंवा लगेच धुण्याची सोय नसेल, तर एकदाच वापरायच्या ब्राँकोस्कोपचा विचार करा. धुऊन वापरायच्या चांगल्या दुर्बिणीपेक्षा ती वरचढ असते असं नाही. पण न धुतलेल्या दुर्बिणीपेक्षा शंभर पटीने बरी.

तुमची शंका मात्र मी वेड्यात काढणार नाही. एका ठिकाणी एक तरुण डॉक्टर मला म्हणाले, ‘सिस्टर, एकदाच तर वापरलीय, सायडेक्समध्ये टाकून ठेवा ना, उद्या कामाला येईल.’ बिल मात्र आधीच्या रुग्णाला पूर्ण लागलेलं होतं. ही दुर्बीण धुण्यासाठी बनवलेलीच नसते. धुऊन वापरायची दुर्बीण नीट न धुतली तर धोका, आणि फेकायची दुर्बीण धुतली तर त्याहून मोठा, कारण ती स्वच्छ झाली की नाही हे सांगणारी पद्धतच कुणी लिहून ठेवलेली नाही. मी कटर आणला, त्यांच्यासमोर नळीचे तीन तुकडे केले आणि लाल पिशवीत टाकले. नियमही तेच सांगतो, कापून टाका म्हणजे परत वापरता येणार नाही.

तुम्ही आता इतकंच करा. रुग्णालयाकडे केसपेपरची प्रत मागा. अशा वस्तूच्या पाकिटावर लॉट नंबरचं, म्हणजे कंपनीच्या उत्पादन क्रमांकाचं, स्टिकर असतं, ते पुष्कळ ठिकाणी केसपेपरवर चिकटवतात. वडिलांना तीन वेळा दुर्बीण घातली आणि बिलात तीन लावल्या असतील, तर स्टिकरं तीन हवीत. एकच सापडलं, तर बाकीच्या दोन कुठे गेल्या, हे बिलिंगच्या खिडकीवर लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घ्या.