आपलं आत्मिक दान कोणतं, हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली, गाता येत नाही, चार लोकांत प्रार्थना करायची म्हटली की घशाला कोरड पडते. मित्राने दिलेली आत्मिक दानांची, म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या देणग्यांची, प्रश्नावली भरली, तर सगळीकडे कमीच गुण पडले. "मी उपासनेनंतर खुर्च्या आवरतो आणि म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून देतो, एवढंच. मग माझं दान कोणतं?"

मीही सोलापूरचीच, म्हणून घरातल्यासारखं लिहिते.

त्या प्रश्नावलीचा धसका घेऊ नका. तुम्ही आजवर काय करून पाहिलंय, तेवढंच तिला कळतं. ज्याने कधी वर्ग घेतलाच नाही, तो शिकवण्याबद्दलच्या प्रश्नाला काय उत्तर देणार? नव्या माणसाला गुण कमीच पडणार.

नव्या करारात, प्रेषित पौलाच्या पत्रांत दानांच्या याद्या आहेत: रोम १२, १ करिंथ १२, इफिस ४ (पत्र आणि अध्याय). शेजारी शेजारी ठेवून वाचा, एकही दुसरीशी पुरती जुळत नाही. म्हणजे पौल काही पक्की यादी करायला बसला नव्हता. करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, अन्य भाषांच्या (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या) दानावरून उच्चनीच सुरू झालं होतं, म्हणून त्याने शरीर आणि अवयवांचा दाखला दिला. आणि त्याच अध्यायात, रोग बरे करण्याच्या दानाला लागूनच, साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं ही दानंही मांडली. हे दोन शब्द आपण फार घाईने वाचतो. मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा', त्यात 'खारिस' म्हणजे कृपा; म्हणून आपण कृपादान म्हणतो. ते कमवायचं नसतं, त्यामुळे कुणाचं भारी नि कुणाचं हलकं हा हिशेबच तिथे लागू होत नाही.

माझी आई शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवायची, म्हणून माझंही दान तेच असणार असं मी धरून चालले होते. दोन वर्षं शिकवलं. मुलं गप्प बसायची, पण डोळे दाराकडे. घरी येऊन मी रडायचे. मग सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, विड्या वळून तीन मुलं वाढवलेल्या आमच्या मंडळीतल्या एक मावशी दवाखान्यात होत्या. रात्री बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. झोपेतसुद्धा त्यांची बोटं चादरीची कड दुमडत होती, अंगठ्याने दाबून, पान वळावं तशी. मी ती कड त्यांच्या हातातून सोडवली नाही, नुसती मनगटाखाली उशी सरकवली. पहाटे त्यांनी चार चमचे पेज घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांची सून म्हणाली, "ताई, तुम्ही आलात की अत्तम्मा जेवतात." अत्तम्मा म्हणजे तेलुगूत सासूबाई.

मला माझं दान त्या वाक्याने कळलं. पुढे मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेबही कुणी आजारी असलं की मलाच निरोप धाडू लागले. जागरणाने अंग मोडून यायचं, पण शब्बाथ शाळेनंतर यायचं तसं रडू कधी आलं नाही.

म्हणून सांगते, एकट्याने खोलीत बसून शोधू नका. प्रार्थना जरूर करा, पण हात चालू ठेवून. दिसेल ते काम घ्या. जमलं नाही तर पाळकांना तसं सांगून सोडा, त्यात पाप नाही. लोक कशासाठी तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही एखाद्या रविवारी नसलात तर काय अडतं, यावर लक्ष ठेवा. यापोची टबीथा आठवा. तिचं एक वाक्यही नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात नाही. ती गेल्यावर विधवांनी रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले कपडे दाखवले. आपल्या या शिलाईमशिनांच्या गावात ते दृश्य समजावून सांगावं लागू नये.

मात्र एक जपा. "दया हे माझं दान नाही" म्हणून दारातल्या माणसाकडे पाठ फिरवायची सोय पवित्र शास्त्र देत नाही. दया, दातृत्व, साक्ष (आपला विश्वास इतरांना सांगणं) हे सगळ्यांकडूनच अपेक्षित आहे. कुणाला त्यात जास्त कृपा असते, इतकंच.

तुमच्या प्रश्नातलं "एवढंच" मला खटकलं. त्या म्हाताऱ्यांना रिक्षात कोण बसवतं, हे पाळकांना बहुधा माहीतही नसेल. येत्या रविवारी घाई करू नका. आजी आत बसल्या की त्यांची काठी त्यांच्या हातात द्या, आणि आठवड्यात त्यांना कुठे जायचं असतं का, कोण नेतं, ते विचारा.