हरित विजेतलं करिअर: आधी मार्चची मुदत मागे घ्या

प्रश्न: मुलगी बी.ई. इलेक्ट्रिकल, 7.1 सीजीपीए. महावितरणच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकली. आता म्हणते, हरित विजेच्या प्रमाणपत्रांच्या बाजारात काम करायचंय. मला हा शेअर बाजारासारखा सट्टा वाटतो. त्याचा 1 लाख 80 हजारांचा ऑनलाइन कोर्सही तिनं शोधलाय. मार्चपर्यंत सरकारी नोकरीचं जमलं नाही तर स्थळं बघायला लागणार आहोत. काय करावं? – एक पालक, कराड

उत्तर: नमस्कार. मार्कांची काळजी सोडा, 7.1 पुरेसे आहेत. मला खटकली ती मार्चची मुदत. भरती कधी निघेल, निकाल कधी लागेल, हे तिच्या हातात नाही. मग त्या तारखेला तिचं लग्न का टांगता? अशा धाकाखाली मूल पुस्तक उघडून बसतं, अभ्यास होत नाही. शिवाय तिनं दुसरी वाट शोधली की तुम्हाला ती पळवाट वाटते. स्थळं बघायला हरकत नाही, पण ती तयार असेल तेव्हा. नापास झाल्याची शिक्षा म्हणून नको. ही अट तुम्हीच तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत मागे घ्या. बाकीचं त्यानंतर.

आता सट्ट्याचं. नोंदणी केलेल्या सौर किंवा पवन प्रकल्पातून 1,000 युनिट ग्रिडमध्ये गेले की एक प्रमाणपत्र मिळतं, त्याला आरईसी म्हणतात. तारेतली वीज सगळ्यांची एकत्रच मिसळते. तिचं हरितपण कुणाच्या नावावर, ते हा कागद ठरवतो. डिमॅट खातं उघडून घरबसल्या याची खरेदी-विक्री होत नाही. विकणारे प्रकल्प आणि परवानाधारक व्यापारी. घेणाऱ्यांत ठरावीक हरित वीज घेणं बंधनकारक असलेल्या वितरण कंपन्या, मोठे ग्राहक आणि स्वखुशीनं घेणारे उद्योग. जोखीम आहे, पण ती नियमांची. किमतीच्या आदेशावरून वाद झाला आणि जुलै 2020 ते नोव्हेंबर 2021 हे व्यवहार बंद पडले. डिसेंबर 2022 पासून किमान आणि कमाल किमतीच्या मर्यादाही गेल्या. म्हणून निव्वळ दलालीच्या भरवशावर करिअर उभारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकऱ्या आहेत त्या हिशोबात. हरित वीजच वापरा असं सांगणारं परदेशी गिऱ्हाईक असलेला एखादा कारखाना घ्या, महिन्याला 50,000 युनिट. त्याला दोन मार्ग: महावितरणला जादा दर देऊन हरित वीज घेणं, किंवा प्रमाणपत्रं घेणं. महावितरणच्या या हरित दराला राज्य वीज नियामक आयोगानं मार्च 2021 मध्ये युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. त्या दरानं महिन्याला 33,000 रुपये. प्रमाणपत्रं लागतील 50. समजा एक 350 रुपयांना, तर 17,500. (दोन्ही दर चालू घडीचे बघूनच धरायचे.) स्वस्तातलं घेऊन मालक मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाचा ऑडिटर अडवतो: वीज कोणत्या वर्षी तयार झाली, कोणत्या प्रकल्पात, आणि प्रमाणपत्र कुणाच्या नावे रद्द केलं, म्हणजे वापरून संपवलं? छतावरच्या सौरऊर्जेत तर हमखास घोळ होतो. हरित विजेचं बंधन नसलेल्या ग्राहकाचे नेट मीटरिंगचे (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीतले) युनिट वितरण कंपनी स्वतःच्या बंधनात मोजते, आणि मालक तेच युनिट आपल्या अहवालात हरित म्हणून लिहितो. एकच वीज दोनदा मोजली गेली, म्हणजे दावा खोटा. हे पकडणारा माणूस ऊर्जा सल्लागार संस्थांना हवा असतो. पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सेबीचा शाश्वतता अहवाल सक्तीचा झाल्यापासून त्यांच्या पुरवठादारांकडेही ही विचारणा पोहोचते आहे.

गेट ही अभियंत्यांची प्रवेश परीक्षा आणि महावितरणची परीक्षा तिनं जरूर द्यावी, तिची इच्छा असेल तर.

कोर्सचे पैसे मात्र भरू नका. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे 2022 चे आरईसी नियम संकेतस्थळावर फुकट आहेत. तिनं ते वाचावेत, मग ओळखीच्या एखाद्या कारखान्याची बारा महिन्यांची उच्चदाब बिलं मागून तक्ता करावा: युनिट, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं, दोन्ही मार्गांचा खर्च. शेवटच्या रकान्यात कार्बन डायऑक्साइड, ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरून. छतावर सौर संच असेल तर त्याचे युनिट कोण मोजतंय, तेही लिहावं. महिनाभराचं काम आहे. ते करताना कंटाळा आला तर हे क्षेत्र तिचं नव्हे. गोडी लागली तर तोच तक्ता अर्जाला जोडून पुण्यातल्या ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांकडे पाठवावा. सुरुवातीचा पगार बेताचा असेल, त्यावरून घरात तिला टोमणे मारू नका.